कोचिंगची पदवी घेताय? पहिल्या सेमिस्टरची तयारी

क्रीडा प्रशिक्षणाच्या पदवीला येणारे बहुतेक विद्यार्थी स्वतः चांगले खेळाडू असतात आणि अडचण तिथूनच सुरू होते. फटका कसा मारायचा हे त्यांच्या हातापायांना ठाऊक असतं. पण नऊ वर्षांच्या मुलाला तो का जमत नाही हे बघून ओळखणं आणि एका वाक्यात त्याला सांगणं, हे काम वेगळं. पदवीत गुण मिळतात ते या कामाचे. तुम्ही कुठल्या पातळीवर खेळलात, याचे नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी

आधी अभ्यासक्रमाचा तपशील मागवा आणि प्रत्यक्ष मैदानावर किती तास ठेवलेत ते बघा. ‘क्रीडा विज्ञान’ आणि ‘क्रीडा प्रशिक्षण’ ही नावं शेजारी-शेजारी दिसतात. पहिल्यात मोजमाप आणि प्रयोगशाळा जास्त, दुसऱ्यात खेळाडू शिकवणं जास्त. नाव पाहून अर्ज केलेले काही जण दुसऱ्या वर्षी विषय बदलायला निघतात.

पदवी आणि त्या-त्या खेळाच्या संघटनेचा कोचिंग परवाना या बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या गोष्टी असतात. काही विद्यापीठं परवान्याची पहिली पायरी अभ्यासक्रमातच घालतात, काही घालत नाहीत. हे लेखी विचारून घ्या, कारण क्लब नेमणूक करताना अनेकदा परवानाच आधी मागतात.

प्रवेश पक्का झाला की दोन कामं लगेच उरका. अल्पवयीन मुलांबरोबर काम करायचं तर पार्श्वभूमीची तपासणी लागू शकते, आणि तिला काही आठवडे लागतात. दुसरं, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र. त्यात सीपीआर (हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबणं आणि त्याला श्वास देणं) हातानं करून बघितलेला हवा: मोठ्या माणसासाठी 30 दाब आणि 2 श्वास, मिनिटाला 100 ते 120 या वेगानं, 5 ते 6 सेंटीमीटर खोल. वाचून हा वेग हातात बसत नाही. ही कागदपत्रं अडली की प्लेसमेंट, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एखाद्या कोचच्या हाताखाली करायचं प्रत्यक्ष काम, अडते, आणि प्लेसमेंट अडली की त्या कामाच्या तासांची बेरीज शेवटपर्यंत जुळत नाही.

वर्गातले विषय

शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र यांत खेळाडू विद्यार्थी हमखास गटांगळ्या खातात, कारण ते नावांची यादी पाठ करतात. हालचालीवरून अभ्यास करा. व्यायामातली एक बैठक (स्क्वॉट) घ्या आणि लिहा: खाली जाताना कुठले सांधे वाकतात, कुठला स्नायू काम करतो, कसं करतो. मांडीचा पुढचा स्नायू खाली जाताना लांबत असतो आणि तरीही जोर लावून वेग आवरत असतो. उतारावरून पळाल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या का भरून येतात, हे एवढ्यावरून उलगडतं. आठवड्याला अशा दोन हालचाली सोडवल्या तर परीक्षेपर्यंत बरेचसे मुख्य स्नायू आपोआप येऊन जातात.

कौशल्य कसं आत्मसात होतं हा विषय मात्र वरवर सोपा वाटतो आणि म्हणून सगळ्यात दुर्लक्षित राहतो. 1979 साली शे आणि मॉर्गन या संशोधकांनी दाखवलं, की एकच हालचाल सलग घोटणारे सरावात सरस दिसतात; पण हालचाली आलटून-पालटून करणारे नंतरच्या चाचणीत पुढे जातात. म्हणजे सराव झकास दिसला म्हणून शिकणं झालं, असं नाही. नव्या कोचला हे पटायला वेळ लागतो, कारण चुकत-माकत चाललेला सराव पालकांना आवडत नाही आणि कोचलाही नाही. अगदी नवशिक्यांना मात्र सुरुवातीला थोडं घोटू द्या. हालचालीचा ढाचा बसला की मिसळायला लागा.

सरावाचा आराखडा

पहिल्या सेमिस्टरमध्ये तुमच्याकडे अख्खा सराव सोपवणार नाहीत. दहा-वीस मिनिटांचा तुकडा मिळेल. त्यासाठी एकच उद्दिष्ट लिहा, आणि ते डोळ्यांनी तपासता येईल असं हवं. ‘पासिंग सुधारणे’ हे उद्दिष्ट नाही. ‘चेंडू येण्याआधी खेळाडू एकदा तरी मान वळवून मागे बघतो’ हे आहे.

मग गणित करा. 12 मुलं, एक रांग, प्रत्येक पाळीला 15 सेकंद: आपली पाळी 3 मिनिटांनी येते, 20 मिनिटांत जेमतेम 6 वेळा. त्याच मुलांच्या 3 रांगा केल्या, तर दर मिनिटाला एक पाळी, म्हणजे 20 वेळा. कोच तोच, ड्रिल तेच. रांगेत उभी मुलं ढकलाढकली करतात तेव्हा तो शिस्तीचा प्रश्न क्वचितच असतो, बहुतेक वेळा तो रांगेच्या लांबीचा असतो.

आराखड्यात प्रत्येक ड्रिलपुढे दोन बदल आधीच लिहून ठेवा: फार सोपं पडलं तर काय, फार अवघड पडलं तर काय. जागा, काम, साहित्य, खेळाडूंची संख्या या चारांपैकी एकाच गोष्टीत बदल करा. जागा लहान केली की वेळ कमी मिळतो, म्हणून निर्णय अवघड होतो. मोठी केली की श्वास घ्यायला उसंत मिळते. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशानं पडला ते कळत नाही.

वॉर्म-अप आधी हलकं पळणं, मग सांध्यांची हालचाल, मग खेळाच्या जवळच्या, हळूहळू वेग वाढवणाऱ्या क्रिया असा चढत जावा. एकाच स्नायूला मिनिटापेक्षा जास्त वेळ ताणून धरलं तर लगेच नंतरची ताकद थोडी घटते. तसं स्ट्रेचिंग शेवटी ठेवा.

सांगणं 30 सेकंदांत आटपा. मुलांना सूर्याकडे पाठ करून उभं करा, डोळ्यांत ऊन तुमच्या पडू दे. एकदा करून दाखवा, लक्षात राहील अशी एकच छोटी सूचना द्या, खेळ सुरू करा. नवे कोच हटकून एक चूक करतात: खेळ थांबवून पाच सूचना देतात, आणि मुलांच्या लक्षात शेवटची राहते, तीही अर्धी.

बघायला शिका

अनुभवी कोचचा सराव बघायला मिळाला की वहीत तीन रकाने आखा: सूचना, शाबासकी, गप्प राहून बघणं. 15 मिनिटं नुसत्या रेघा ओढत जा. मग पुढचा तास एकाच खेळाडूवर नजर ठेवा आणि त्याच्या वाट्याला किती शब्द आले ते मोजा. एका कोपऱ्यातल्या मुलाला पूर्ण सरावात एक शब्दही मिळत नाही, हे बऱ्याचदा दिसतं. नंतर तुमच्या तुकड्याचं चित्रीकरण करून हाच तक्ता भरा. मुलांचं चित्रीकरण करायचं तर आधी क्लबची आणि पालकांची लेखी परवानगी लागते.

वयाकडेही बघा. झपाट्यानं उंची वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण 12 आणि मुलांमध्ये साधारण 14 वर्षांच्या आसपास येतो, पण एकाच संघात दोन-तीन वर्षांचा फरक सहज दिसतो. या काळात कालपर्यंतचं तंत्र बिघडतं आणि गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावर दुखायला लागतं. त्याला आळस समजू नका. उड्या आणि वेगवान पळणं कमी करा आणि डॉक्टरांकडे पाठवा.

नोंदी

सराव संपल्यावर अर्ध्या तासानं खेळाडूला विचारा, 0 ते 10 मध्ये किती जड गेला. तो आकडा मिनिटांनी गुणा: 60 मिनिटं आणि 6, म्हणजे 360. महिनाभराचे असे आकडे मांडले की कोणाचा भार अचानक चढला ते दिसतं. लगेच विचारलं तर उत्तरावर शेवटच्या ड्रिलची छाया पडते, म्हणून अर्धा तास थांबायचं.

चिंतन-वही, म्हणजे स्वतःच्या कोचिंगबद्दलच्या विचारांची वही, त्याच रात्री लिहा. ‘सराव चांगला झाला’ याला परीक्षक गुण देत नाहीत. काय घडलं, मी काय ठरवलं होतं, फरक का पडला, पुढच्या वेळी नेमकं काय बदलणार, एवढं अर्ध्या पानात पुरतं. परीक्षकाला शेवटचं उत्तर पुढच्या नोंदीत खरंच अमलात आलेलं दिसायला हवं.

प्लेसमेंटवरचा कोच वर्गात शिकवलेल्याच्या उलट करताना दिसेल. खेळाडूंसमोर वाद घालू नका. सराव संपल्यावर त्यामागचं कारण विचारा, आणि पुढच्या आठवड्यात तुमच्या पद्धतीसाठी दहा मिनिटं मागा. तासांच्या कागदावर सही मात्र त्याच दिवशी घ्या; सेमिस्टरच्या शेवटी हंगाम संपलेला असतो आणि कोच सापडत नाही.