ओग्बा आणि तिच्या नातलग भाषांतली क्रियापदं : या चुका टाळा

नायजेरियाच्या रिव्हर्स राज्यात, ओमोकूच्या आसपास ओग्बा बोलतात. ती आग्नेय नायजेरियातल्या इग्बो भाषेच्या गोतातली. या सगळ्या पट्ट्यात एकाच वाक्यात क्रियापदं पाठोपाठ येतात आणि त्यांना जोडणारा शब्द नसतो. मराठी वाचक तिथे मनातल्या मनात 'आणि' घालतो. पहिली गफलत तीच.

नैऋत्य नायजेरियातल्या योरुबा भाषेतलं, म्हणजे दूरच्या नातलगाचं, साधं वाक्य घ्या : 'ओ मू ईवे वा'. शब्दाला शब्द लावला तर 'तो घे पुस्तक ये'. अर्थ 'त्याने पुस्तक आणलं'. 'घेतलं आणि आला' असं केलंत की एका घटनेच्या दोन होतात. शंका आली तर नकार लावून पाहा. 'को मू ईवे वा' यात सुरुवातीला एकच 'को' येतो आणि अख्खी घटना नाकारतो : पुस्तक आणलंच नाही.

भाषांतरात 'घेऊन आला' चालेल. पण विश्लेषणात 'मू'खाली 'कृदंत' लिहू नका. माझ्या जुन्या वहीत पानंच्या पानं तसं लिहिलेलं आहे, आणि ते सगळं चूक. मराठीत 'ऊन' लागला की एक क्रियापद दुसऱ्याच्या हाताखाली जातं. 'मू'वर अशी कुठलीच खूण नाही.

याला आपलं संयुक्त क्रियापद समजणं त्याहून घातक. 'खाऊन टाकलं' म्हणताना कोणी काही टाकत नाही, 'टाक'चा मूळ अर्थ विरलेला असतो. वरच्या वाक्यात मात्र घेणंही खरं आणि येणंही खरं.

इग्बोत क्रियापदं एकमेकांना चिकटतातही. 'ओ कूवारा इते', म्हणजे त्याने मडकं फोडलं. 'कू' म्हणजे मारणं, 'वा' म्हणजे फुटणं, आणि भूतकाळाचा 'रा' जोडीला मिळून एकदाच. शब्दकोशात 'कूवा' सापडला नाही तर तुकडे करून शोधा. हा 'वा' योरुबातल्या 'वा'हून वेगळा, हेही ध्यानात असू द्या. आणि इग्बोचा नियम ओग्बावर तसाच लादू नका. ओग्बा बोलणाऱ्याकडून वाक्य वदवून घ्या, मगच लिहा.

लिहिताना सूर सोडू नका. इग्बोत 'अक्वा' सुरानुसार रडणं, कापड, अंडं किंवा पलंग होतो. देवनागरीत नुसतं 'अक्वा' लिहून ठेवलंत तर महिन्याभराने तुमचं टिपण तुम्हालाच लागणार नाही. अक्षरावर चढ-उताराची खूण त्याच वेळी करा, ध्वनिमुद्रण कानाशी असतानाच.