व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरसाठी बदली फ्यूज कसा निवडावा

फ्यूजची धातूची टोपी भिंगाखाली नीट पाहिली, तर तिच्यावर अँपिअरच्या आकड्याखेरीज आणखी काही अक्षरे व आकडे कोरलेले दिसतात. दुकानात मात्र आपण ‘दोन अँपिअरचा फ्यूज द्या’ एवढेच म्हणतो आणि लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, दुकानदारही डब्यात हाताला लागेल तो काढून देतो. एखाद्या लहानशा उपकरणात हे खपून जाईल. पण ज्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) आणि चारशे-साडेचारशे व्होल्टचा डीसी पुरवठा आहे आणि ज्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला तर तसाच दुसरा मिळणे अवघड आहे, तिथे ही अक्षरे वाचता येणे आवश्यक आहे.

चेसिस (धातूचा सांगाडा) उघडणार असाल तर आधी प्लग सॉकेटमधून पूर्ण काढावा. फिल्टर कपॅसिटर (डीसी पुरवठा सपाट करणारे, वीज साठवणारे भाग) वीज बंद केल्यावरही प्राणघातक व्होल्टेज धरून ठेवू शकतात. म्हणून १०० किलोओहमचा, किमान २ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी कपॅसिटरच्या धन टोकापासून चेसिसपर्यंत मिनिटभर जोडून ठेवावा आणि व्होल्टेज उतरल्याची खात्री मीटरने करून घ्यावी.

मूळ फ्यूज कोणता होता, याचा पुरावा मागील पॅनेलवरची छपाई किंवा उत्पादकाचा सर्किट आराखडा हाच मानावा. होल्डरमधून निघालेला फ्यूज हा पुरावा नव्हे, कारण आधीच्या दुरुस्तीत तिथे काय बसवले गेले हे सांगता येत नाही. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये चंदेरी कागद गुंडाळलेले फ्यूजही निघतात.

अँपिअरनंतर पाहायचे ते वेगाचे अक्षर. ‘एफ’ म्हणजे जलद आणि ‘टी’ म्हणजे सावकाश वितळणारा. अमेरिकी आराखड्यांत याच दुसऱ्या प्रकाराला ‘स्लो-ब्लो’ म्हटलेले असते. नेमून दिलेल्या प्रवाहाच्या दसपट प्रवाह आला तर जलद फ्यूज साधारण २० मिलिसेकंदांच्या आत तुटतो, तर सावकाश फ्यूज ३०० मिलिसेकंदांपर्यंत तग धरू शकतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरला हा अवधी लागतोच, कारण स्विच दाबताच ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकित होताना मोठा झटका बसतो, थंड फिलामेंटचा रोध कमी असल्याने ती तापेपर्यंत नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेतात आणि रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) डायोडचा असेल तर रिकामे फिल्टर कपॅसिटरही त्याच क्षणी भरू लागतात. जीझेड३४ सारखा व्हॉल्व्ह रेक्टिफायर हळूहळू तापत असल्यामुळे कपॅसिटरचा झटका सौम्य होतो, बाकीचे दोन राहतातच. ‘टी’च्या जागी त्याच आकड्याचा ‘एफ’ बसवला की तो विनाकारण जळतो, मग कोणीतरी दुप्पट अँपिअरचा बसवतो आणि संरक्षण संपते. माझ्या मते चुकीच्या अँपिअरचे मूळ पुष्कळदा चुकीच्या अक्षरात असते.

त्यापुढचे ‘एल’ किंवा ‘एच’ हे अक्षर फ्यूज किती मोठा दोष-प्रवाह सुरक्षितपणे तोडू शकतो ते सांगते. काचेच्या ‘एल’ फ्यूजची ही क्षमता ३५ अँपिअर किंवा नेमलेल्या प्रवाहाच्या दसपट, यांपैकी जी अधिक असेल ती असते. वाळू भरलेल्या सिरॅमिक ‘एच’ फ्यूजची १,५०० अँपिअर असते. मुख्य पुरवठ्याच्या जागी ‘एल’ ऐवजी त्याच वेगाचा व त्याच अँपिअरचा ‘एच’ चालतो. ‘एच’ काढून ‘एल’ मात्र कधीही बसवू नये. व्होल्टेजचेही तसेच आहे, अधिक चालते, कमी चालत नाही. टोपीवर काहीच कोरलेले नसेल तर तो फ्यूज विकत घेऊ नये.

आकार दोन आढळतात: ५ × २० मिलिमीटर आणि जुन्या ब्रिटिश-अमेरिकी यंत्रांतला ६.३ × ३२ मिलिमीटर. होल्डर बदलून मोठ्याच्या जागी लहान बसवताना मानकही बदलू शकते, म्हणून एक फरक लक्षात घ्यावा. आंतरराष्ट्रीय मानकाचा १ अँपिअरचा फ्यूज १ अँपिअर सतत वाहू शकतो, तर अमेरिकी मानकाच्या फ्यूजमधून सतत वाहणारा प्रवाह नेमलेल्या आकड्याच्या पाऊणपटच ठेवणे अपेक्षित असते. म्हणून आकडा तोच असला तरी आंतरराष्ट्रीय मानकाचा फ्यूज थोडा अधिक सैल ठरतो.

अमेरिकेहून आणलेल्या १२० व्होल्टच्या अ‍ॅम्प्लिफायरबाबत आपल्याकडे हमखास गोंधळ होतो. तो स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून वापरत असाल तर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये अजूनही १२० व्होल्टच जातात आणि फ्यूज मूळचाच राहतो. त्याच्या ट्रान्सफॉर्मरची जोडणी आतून बदलून तो थेट २३० व्होल्टवर आणला असेल तर प्रवाह जवळजवळ निम्मा होतो आणि फ्यूजही निम्म्याचा हवा. हे न केल्यास २ अँपिअरचा फ्यूज १ अँपिअरच्या जागी बसून राहतो, अ‍ॅम्प्लिफायर उत्तम चालतो, आणि चूक लक्षात येते ती ट्रान्सफॉर्मरचा वास आल्यावर.

कोणताही कागद उपलब्ध नसेल तर हिशेब करता येतो. दोन ईएल३४ (आउटपुट व्हॉल्व्ह) आणि तीन १२एएक्स७ (लहान व्हॉल्व्ह) असलेला ५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊ. ईएल३४ चे फिलामेंट १.५ अँपिअर घेते, १२एएक्स७ चे ०.३, एकूण ३.९ अँपिअर, म्हणजे ६.३ व्होल्टवर सुमारे २५ वॅट. पूर्ण आवाजात उच्च दाबाचा पुरवठा ४५० व्होल्टवर २५० मिलिअँपिअर देतो असे धरले तर आणखी ११२ वॅट. ट्रान्सफॉर्मरमधील नुकसान आणि रेक्टिफायर प्रवाह तुटक झटक्यांनी ओढतो हे धरून या १३७ ची दीडपट, म्हणजे साधारण २०५ व्होल्ट-अँपिअर होतात. २३० ने भागल्यास ०.९ अँपिअर येतो, म्हणून ‘टी’ प्रकारचा १ अँपिअरचा फ्यूज आधी लावून पाहावा आणि निर्दोष यंत्रातही तो चालू करताना जात असेल तरच १.२५ चा विचार करावा. ३१५ मिलिअँपिअर आणि ३.१५ अँपिअर हे दोन्ही फ्यूज बाजारात असतात, तेव्हा दशांशचिन्ह दोनदा वाचावे.

उच्च दाबाचा वेगळा फ्यूज असेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरला खरा आधार त्याचाच असतो. एखादा आउटपुट व्हॉल्व्ह बिघडून बेसुमार प्रवाह ओढू लागला तरी मुख्य फ्यूजला ते जाणवायला वेळ लागतो. वरच्या उदाहरणात ५०० मिलिअँपिअर योग्य ठरेल. वेग उत्पादकाने सांगितलेलाच ठेवावा. हा फ्यूज ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या (दुसऱ्या गुंडाळीच्या) मधल्या टोकात आहे की रेक्टिफायरनंतर, हेही पाहावे. एसी प्रवाह प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो, त्यामुळे तुटलेल्या तारेतली ठिणगी विझते. डीसीमध्ये तशी संधी मिळत नाही आणि २५० व्होल्ट एसीसाठी बनवलेल्या काचेच्या फ्यूजमध्ये ४५० व्होल्ट डीसीची ठिणगी जळतच राहू शकते. रेक्टिफायरनंतरच्या जागी डीसी व्होल्टेज स्पष्ट नोंदवलेला, किमान ५०० व्होल्टचा फ्यूज लावावा.

नवा फ्यूज बसवण्यापूर्वी जुन्याची काच पाहावी. आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर मोठा शॉर्ट झालेला आहे. काच स्वच्छ आणि तार मध्येच तुटलेली असेल तर किंचित जास्त भार किंवा निव्वळ वय हे कारण संभवते. होल्डरच्या क्लिपा गंजून सैल झाल्या असतील तर त्या तापतात आणि चांगला फ्यूजही अकाली जातो, म्हणून त्या साफ कराव्यात किंवा होल्डर बदलावा. होल्डर फेजच्या तारेत असावा आणि फेज त्याच्या आतल्या, टोकाच्या संपर्काला जोडलेली असावी, म्हणजे फ्यूज काढताना बोट जिवंत भागाला लागत नाही.

काच काळी असेल तर नवा फ्यूज घालून थेट स्विच दाबू नये. सगळे व्हॉल्व्ह काढून अ‍ॅम्प्लिफायर सिरीज बोर्डावर, म्हणजे पुरवठ्याच्या वाटेत ओळीने जोडलेल्या १०० वॅटच्या पिवळ्या, तारेच्या बल्बमधून लावावा. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर प्लग काढून, कपॅसिटर पुन्हा रिकामे करून, आधी रेक्टिफायर, मग लहान व्हॉल्व्ह आणि शेवटी आउटपुट व्हॉल्व्ह टप्प्याटप्प्याने बसवत जावे. ज्या टप्प्यावर बल्ब लख्ख पेटून राहतो तिथे दोष शोधावा. व्हॉल्व्ह नसतानाच तो पेटून राहिला तर डायोड, फिल्टर कपॅसिटर किंवा ट्रान्सफॉर्मर तपासावा लागेल, आणि तोवर नवे फ्यूज पाकिटातच राहू द्यावेत.