शेजारच्या सीटवरून गाडी निवडताना

चौदा वर्षं मी रॅलीत नॅव्हिगेटर होते. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, माझ्या मांडीवर वही आणि तोंडाने अखंड पाठ: उजवं तीन, पुढे आवळतंय, आत घुसू नको. मान वहीत असल्यामुळे रस्ता डोळ्यांच्या आधी बुडाला कळायचा. ती सवय अजून गेलेली नाही. म्हणून ओळखीपाळखीतलं कुणी घसघशीत रक्कम बाजूला काढून वेगवान, आलिशान गाडी घ्यायला निघालं की मला सोबत नेतं. माझी अट एकच असते. पहिली वीस मिनिटं चालवायचं नाही, शेजारी बसायचं.

ही अट मला माझ्याच चुकीने शिकवली. रॅली सोडल्यावर मी पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने दोन दारांची कूपे घेतली. कंपनीचं नाव घेत नाही. गाडी वाईट नव्हती, निवड वाईट होती. गुळगुळीत रस्त्यावर पंधरा मिनिटं चालवली, एकदा पाय दाबला, डोकं मागे सीटला टेकलं आणि मी सही केली. महिन्याभराने लांबच्या प्रवासात नवरा चालवत होता, मी शेजारी. ताशी ११० ला एक्झॉस्टची एकसुरी घूं सुरू झाली, ती थांबेचना. ड्रायव्हरला डावा पाय टेकायला जागा होती, मला कुठेच नव्हती. दोन तासांत डोकं ठणकायला लागलं. अकरा महिन्यांनी गाडी विकली. किती तोटा झाला ते घरातही कुणाला नीट माहीत नाही.

पैसे बेताचे असले की निवड सोपी असते. चार गाड्या बसतात, त्यातली एक घ्यायची. पैसे भरपूर असले की सगळ्याच बसतात, आणि मग निर्णय भलत्याच गोष्टी घेतात: अश्वशक्तीचा आकडा, सेल्समनची जीभ, नाहीतर मेहुण्याकडे काय आहे ते. म्हणून शोरूमच्या आधी एक कागद घ्या आणि गेल्या महिन्यातल्या सगळ्या फेऱ्या लिहून काढा. एकट्याने किती, सामानासकट किती, मागे कोण बसलं होतं, सरासरी वेग काय असेल. माझ्या एका मैत्रिणीला मध्ये इंजिन असलेली, दोनच सीटची गाडी हवी होती. तिच्या कागदावर सव्वीस फेऱ्या निघाल्या: एकोणीस गर्दीतून एकटीच्या, पाच दोन मुलांसकट, मोकळ्या रस्त्यावरच्या फक्त दोन. कागद बघून ती खट्टू झाली, पण दोन सीटचा हट्ट तिथेच संपला.

अशा गाड्यांची ढोबळमानाने तीन घराणी आहेत. लांब पल्ला आरामात कापणारी ग्रँड टूरर, जसं बेंटली कॉन्टिनेंटल जीटी, अ‍ॅस्टन मार्टिन डीबी१२, लेक्सस एलसी ५००. चार दारांच्या घरगुती अंगात राक्षसी इंजिन, जसं बीएमडब्ल्यू एम५ किंवा ऑडी आरएस६. आणि खरीखुरी स्पोर्ट्स कार, जिथे आराम हा उपकार असतो. पोर्शे ९११ या तिन्हींच्या मधोमध बसते. १९६३ मध्ये ती लोकांसमोर आली तेव्हापासून इंजिन मागच्या चाकांच्याही मागे आहे. त्यामुळे सामान पुढच्या डिकीत जातं, आणि मागे लहान मुलं मावतील अशा दोन सीटा निघतात. मैत्रिणीने शेवटी तीच घेतली. विजेवरची हवी असेल तर पोर्शे टायकॅनमध्ये तरी एकदा बसाच. मात्र घरी चार्जरची सोय आधी बघा, प्रेमात नंतर पडा.

आकडे कसे वाचायचे

सगळ्यांत आधी वजन. विकणारा ते आपणहून कधीच सांगत नाही.

एम५ चंच बघा. मागच्या पिढीच्या गाडीला ६०० अश्वशक्ती होती आणि कंपनीच्या आकड्यानुसार ती शून्यातून ताशी १०० ला ३.४ सेकंदांत पोचायची. २०२४ मध्ये आलेली नवी एम५ प्लग-इन हायब्रीड आहे, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बाहेरून चार्ज होणारी बॅटरी आणि विजेची मोटर, ७२७ अश्वशक्तीची. तिची वेळ ३.५ सेकंद! सव्वाशे घोडे जास्त जुंपले आणि दशांश सेकंद वाढला, कारण बॅटरी आणि मोटर धरून वजन २४०० किलोच्या पुढे गेलं. आता हिशोब करा, अश्वशक्तीला टनांनी भागा. २०१९ च्या साध्या ९११ कॅरेराला ३८५ अश्वशक्ती आणि वजन दीड टन, म्हणजे टनामागे सुमारे २५५. नव्या एम५ ला टनामागे सुमारे ३००. जाहिरातीतली जवळपास दुप्पट ताकद भागाकारानंतर जेमतेम सहाव्या हिश्शाने जास्त उरते. सरळ रस्त्यावर हे चालून जातं. वळणात, ब्रेक लावताना आणि टायर बदलताना सगळं वजन हजेरी लावतं.

अर्थात हायब्रीडला नावं ठेवायची नाहीत. पहाटे सोसायटीतून आवाज न करता बाहेर पडता येणं ही मोठी चैन आहे, आणि ज्याचा दिवस गर्दीत जातो त्याने हे वजन खुशाल स्वीकारावं. कशासाठी काय सोडतोय ते मात्र माहीत हवं. मर्सिडीज-एएमजी सी ६३ मध्ये चार लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन होतं. नव्या पिढीत दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन आणि विजेची मोटर आली. ताकद ६८० अश्वशक्तीपर्यंत चढली. तरी जो माणूस त्या गाडीकडे आवाजासाठीच जात होता, त्याला हा आकडा वाचून काय मिळणार? आवाज हे तुमचं कारण असेल तर ते सरळ मान्य करा, लाजू नका, आणि टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं मोठं इंजिन शोधा. एलसी ५०० चं पाच लिटरचं व्ही-८ किंवा ९११ जीटी३ चं ९००० आरपीएमपर्यंत चढणारं चार लिटरचं इंजिन. असं नवं मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय.

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात. डबल क्लचचा गिअरबॉक्स (दोन क्लचांमुळे पुढचा गिअर आधीच तयार ठेवणारा) वेगात झटपट बदलतो, पण मुंगीच्या चालीने सरकताना किंवा चढावर रिव्हर्स घेताना काही गाड्यांत हिसके देतो. टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक तिथे लोण्यासारखा चालतो. आठ गिअरचे आधुनिक ऑटोमॅटिक इतके चपळ झालेत की २०१७ मध्ये खुद्द एम५ ने डबल क्लच सोडून हाच मार्ग धरला. त्याला कमी लेखू नका.

ऑप्शनच्या यादीत दोन ठिकाणी हात आखडता घ्या. पहिलं, मोठी चाकं. रिम इंचाने वाढला की टायरची भिंत सुमारे अर्ध्या इंचाने आखडते आणि खड्ड्याचा मार आधी रिमला, मग तुमच्या कमरेला. लहान चाकात गाडी कमी ऐटबाज दिसते हे खरं आहे. दुसरं, कार्बन-सिरॅमिक ब्रेक. लोखंडी डिस्कच्या तुलनेत वजन सुमारे निम्मं, ट्रॅकवर पुन्हा पुन्हा तापवले तरी दम टिकतो, आणि रिमवर काळी भुकटी जवळजवळ बसत नाही. पण थंड असताना काही किंचाळतात, चाक काढताना मेकॅनिकचा हात चुकून कडेला टवका उडाला तर डिस्क बाद, आणि नव्या डिस्कचं बिल वाचायला बसून घ्यावं लागतं. ट्रॅकवर जाणार नसाल तर तो पैसा चांगल्या सीटवर आणि गाडीचं नाक उचलणाऱ्या लिफ्टवर घाला. रंग तुमचा तुम्ही ठरवा, मला विचारू नका.

टेस्ट ड्राइव्ह

शोरूमवाले त्यांच्या आवडीच्या रस्त्यावर नेतात. तुम्ही तुमच्या रस्त्यावर न्या. घरच्या पार्किंगचा उतार, नेहमीचा वाईट गतिरोधक, तो एक खडबडीत तुकडा. तासभर द्यायला तयार नसतील तर दुसरा विक्रेता शोधा. एवढी रक्कम देणाऱ्याला तासभर मागण्याचा हक्क आहे.

आधी शेजारी. मी वहीत वेळ टाकून नोंदी करते: ७ व्या मिनिटाला पाय सरकवला, १२ व्या मिनिटाला एसीचा झोत डोळ्यांत, १८ व्या मिनिटाला मान आखडली. शेजारच्या सीटवर हाताला काम नसतं, उत्साह नसतो, म्हणून गाडी खरं बोलते. घरातलं जे माणूस रोज तिथे बसणार त्यालाच बसवा. आईवडील असतील तर त्यांना बसवून उठवून बघा. खोल सीट आणि रुंद उंबरा गुडघ्यांना लगेच कळतो.

मग चालवा, आणि आधी हळू. ताशी दहा-वीसला. ब्रेक पहिल्या सेंटिमीटरला हलका लागतो की चावतो? विजेवरच्या आणि हायब्रीड गाड्यांत मोटर आणि ब्रेक यांची सरमिसळ अगदी थांबताना जाणवते. ड्राइव्ह मोड 'कम्फर्ट'वर ठेवून तोच खराब तुकडा दोनदा पार करा. सगळ्यांत मऊ मोडमध्ये गाडी हाडं हलवत असेल तर पुढे ती मऊ होणार नाही, तुम्हालाच सवय करून घ्यावी लागेल. त्यानंतर स्थिर ११० ला पाच मिनिटं, रेडिओ बंद. माझी घूं ऐकू येते का बघा. एक फेरी अंधारातही मारा, कारण काही गाड्यांचे स्क्रीन रात्री डोळ्यांत खुपतात आणि स्पर्शाची बटणं चाचपडावी लागतात. हे सगळं झाल्यावर मोकळा, सुरक्षित रस्ता असेल तर दाबा एकदा पाय. तेवढ्यासाठीच तर आलोय.

वापरलेली घेणार असाल

पैसे असूनही मी बहुतेकांना तीन-चार वर्षं वापरलेली सुचवते. आलिशान सेडान आणि मोठ्या कूपे पहिल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने किंमत गमावतात; तो घाव पहिल्या मालकाने सोसलेला असतो. ९११ जीटी३ सारख्या मोजक्या गाड्या याला अपवाद.

मालकाला आधीच सांगा, मी येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर का, ते विचारा. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे) असेल तर रात्रभर उभी गाडी एका कोपऱ्यात बसलीय का ते सकाळीच दिसतं. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच जातीचे हवेत, आणि चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत झीजही सारखी हवी, नाहीतर ताकद वाटणाऱ्या यंत्रणेवर कायमचा ताण येतो. त्या गाडीसाठी खास घडवलेल्या टायरवर खूण असते, पोर्शेसाठी 'एन', बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी 'एमओ'. महागड्या गाडीवर चार तऱ्हेचे स्वस्त टायर दिसले की मी इंजिन न बघताच निघते. ज्याने टायरवर काटकसर केली त्याने ऑइलवरही केलेली असते.

रंगाची जाडी मोजणारा मीटर न्या. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. एखाद्या दारावर तो दुप्पट निघाला तर तिथे काहीतरी घडलंय. प्लास्टिक आणि कार्बनच्या भागांवर साधा मीटर चालत नाही, तिथे फटी आणि बोल्टवरचे ओरखडे बघा. शिवाय त्या कंपनीच्या गाड्या जाणणाऱ्या, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून पूर्ण तपासणी करून घ्या. पोर्शेच्या कॉम्प्युटरमध्ये इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा आणि किती तासांपूर्वी फिरलं याची टप्प्याटप्प्याने नोंद सापडते. मॅन्युअल गाडीत चुकून खालचा गिअर पडला की ते तिथे उमटतं. फार जुन्या गाडीचा मोह झाला तर दुरुस्तीची वाट आधी विचारा: फेरारी एफ३५५ मध्ये टायमिंग बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं.

बजेटचा पाचवा हिस्सा खरेदीत घालूच नका. टायर, ब्रेक, विमा, वॉरंटी वाढवणं, पहिल्या वर्षाची सर्व्हिस यात तो जातो. हा हिस्सा काढल्यावर जी गाडी परवडते तेवढीच परवडते. हे ऐकून सगळे नाराज होतात.

सही करण्याआधी डिकी उघडा. दुसरी किल्ली, सर्व्हिसची बिलं, टायरमध्ये हवा भरायचं किट आणि चाकाच्या लॉक नटचं सॉकेट समोर ठेवायला सांगा. तो मुठीएवढा तुकडा नसेल तर रस्त्यात चाक पंक्चर झाल्यावर ते निघतच नाही. मैत्रिणीच्या ९११ च्या वेळी तो कुठेच सापडेना. मालक म्हणाला, नंतर पाठवतो. मी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. पाऊण तासाने सॉकेट पुढच्या डिकीतल्या फोमखाली मिळालं, जुन्या पार्किंगच्या पावत्यांत गुंडाळलेलं.