जखमी पिल्लू घरी सांभाळताना
जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला, तरी जबर मार लागलेले मांजराचे पिल्लू गार पडू शकते. म्हणून त्याला आधी कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीची ऊब द्यावी आणि अंग गार असेपर्यंत दूध पाजू नये. मोडलेला पाय घरी ओढून बांधू नये. पिल्लाला खोक्यात निजवून पशुवैद्यकाकडे न्यावे. पॅरासिटामॉल मुळीच देऊ नये, मांजरासाठी ते विषच आहे. उपचारानंतर लहान पिंजरा मनाला निर्दय वाटतो, पण एका उडीने हाड पुन्हा सरकू शकते, म्हणून डॉक्टर सांगतील तोवर त्याला त्यातच, कूलरच्या थेट झोतापासून दूर ठेवावे. कंबरेला मार असल्यास लघवीवर लक्ष ठेवावे. दिवसभर झाली नाही तर लगेच दवाखाना गाठावा. पिल्लू चावल्यास जखम साबणाने १५ मिनिटे धुऊन रेबीजच्या लशीसाठी जावे.