तत्त्वज्ञानाची लेक्चरं ऐकताय? मग या चुका टाळा

दर पंधरा दिवसांनी कोणीतरी विचारतं, "फिलॉसॉफी सुरू करायचीये, कुठली लेक्चरं ऐकू?" मी सांगतो, आणि महिन्याभरानं तोच माणूस भेटला की म्हणतो, सॉक्रेटिसपर्यंत भारी वाटलं, पुढे सुटलंच. सुटणारच की!

सगळ्यात वाईट खोड म्हणजे दुप्पट स्पीडवर ऐकणं. हे मी एवढं तावातावानं सांगतो कारण मीच केलंय. कोथरूड ते हिंजवडी कंपनीची बस, ट्रॅफिकमध्ये तास-सव्वा तास, कानात इअरफोन, आणि पाच आठवड्यांत पहिला ग्रीक तत्त्वज्ञ थेलीस ते थेट अठराव्या शतकातला जर्मन कांट! कांटच्या आधीच्या स्कॉटिश ह्यूमची दोन लेक्चरं तर चक्क ओलांडली, कंटाळवाणी वाटली म्हणून. मग एका रविवारी सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये कॅरम चालू असताना मी कांटवर सुरू झालो. समोर एक रिटायर्ड प्रोफेसर, आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. त्यांनी शांतपणे स्ट्रायकर मारला, सोंगटी गेली, आणि म्हणाले, "स्ट्रायकर लागला हे दिसलं, सोंगटी हलली हे दिसलं. 'लागल्यामुळे हलली' यातलं 'मुळे' कुठं दिसलं रे तुला?"

मी म्हटलं, ते कांट म्हणतो ना सर...

"कांट नंतर. आधी त्याची झोप कोणी मोडली ते सांग."

मी गप्प. म्हणजे कांटनं स्वतः लिहून ठेवलंय की ह्यूमनं मला झोपेतून जागं केलं, आणि मी नेमका ह्यूमच ओलांडलेला. सरांनी कॅरम घेतला, ह्यूमनं बिलियर्डचे चेंडू घेतले होते, मुद्दा तोच: 'मुळे' बाहेर कुठे दिसत नाही, पुन्हा पुन्हा तेच पाहून आपल्याला सवय लागते. आणि कांट 1781 च्या पुस्तकात म्हणतो की नाही, हे 'मुळे' आपली बुद्धीच अनुभवात घालते, त्याशिवाय अनुभवच उभा राहणार नाही. आता प्रश्नच ऐकला नसेल तर या उत्तराचं करायचं काय?

तेव्हापासून मी साध्या स्पीडवरच ऐकतो. पुण्यात 1875 पासून वसंत व्याख्यानमाला चालू आहे, तिथे कुणाला वक्त्याला पळवायचं बटण नव्हतं, तरी लोक शहाणे झालेच. लेक्चर संपलं की इअरफोन काढायचे आणि जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर दोन ओळी लिहायच्या: आधीच्यानं कुठे अडकवून ठेवलं, आणि यानं वाट कशी काढली. दुसरी ओळ जमली नाही तर तेच लेक्चर परत. याला पद्धत वगैरे म्हणू नका, माझी सवय आहे, पण चालते.

दुसरी चूक, ग्रीक अॅरिस्टॉटल संपला की उडी मारून फ्रेंच देकार्त. अहो, अॅरिस्टॉटल गेला इ.स.पू. 322 ला आणि देकार्तचं 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' आलं 1637 ला, मधली 1900 हून जास्त वर्षं माणसं काय नुसती जेवत होती? मधल्या काळातला पर्शियन तत्त्वज्ञ इब्न सीना (980 ते 1037) एक माणूस कल्पून सांगतो, हवेत तरंगणारा, काही दिसत नाही, स्वतःच्या हातापायांचाही स्पर्श नाही, तरी 'मी आहे' हे त्याला कळेलच. हे ऐकून मग देकार्तकडे जा, तो आभाळातून पडल्यासारखा वाटणार नाही. पीटर अॅडमसन यांचा पॉडकास्ट 2010 पासून चालू आहे, त्याच्या नावातच आहे की एकही फट ठेवणार नाही. लांबलचक आहे, हो. घाई असेल तर रील्स बघा की.

रील्सवरून आठवलं, नीत्शेपासून सुरुवात करू नका. 'देव मेला' हे त्यानं एका वेड्याच्या तोंडी घातलंय आणि तो वेडा खूश नाहीये, एवढं तरी कळू द्या.

ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस म्हणजे चैन नव्हे. भाकरी-पाणी आणि डोक्याला त्रास नाही, यात सुख मानणारा माणूस होता तो.

चार्वाक म्हणजे फक्त कर्ज काढून तूप पिणारे, असंही नव्हे. त्यांच्याबद्दल जे कळतं ते बहुतेक विरोधकांच्या ग्रंथांतून, म्हणजे भांडणाची एकच बाजू.

आपोआप येणाऱ्या सबटायटलवर विसंबू नका, मला एकदा कांटच्या जागी पूर्ण तासभर इंग्रजी 'can't', म्हणजे 'करू शकत नाही', वाचायला मिळालं.

आणि झोपताना लावू नका. झोप छान लागते, तक्रार तीच आहे.

परवा सर लिफ्टमध्ये भेटले, म्हणाले, "काय, लाइब्निझपर्यंत पोचलास का?" म्हटलं, नाही सर, त्याच्या आधीच्या स्पिनोझाच्या पत्रिकेवर दुसरी ओळ अजून यायचीये.