अ‍ॅक्रिलिक जोडायचंय? इन्स्टंट ग्लू बाजूला ठेवा

अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची पेटी इन्स्टंट ग्लूने जोडली की जोडाशेजारी पांढरट, धुरकट पट्टा उमटतो. ग्लूची वाफ प्लास्टिकवर बसते, त्याचा तो डाग. माझ्या पहिल्या मॉडेलची पेटी अशीच गेली.

इथे हवं अ‍ॅक्रिलिक सिमेंट, किंवा बोर्ड बनवणारे वापरतात ते क्लोरोफॉर्म. हा द्रव खरं तर गोंद नव्हेच. तो दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करतो. म्हणून कडा तंतोतंत बसायला हव्यात. बारीक पॉलिश पेपर सपाट काचेवर ठेवून घासा. तुकडे कोरडेच जुळवा, टेप लावा आणि सुईच्या सिरिंजने फटीला थेंब टेकवा. द्रव आपोआप आत ओढला जातो, ओली चकचकीत रेघ पुढे सरकताना दिसते. मग दिवसभर हात लावायचा नाही.

वाफ घातक, खिडकी उघडीच ठेवा. पण नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कूलरसमोर बसून हे काम नको. नागपूरचं ऊन कोरडं असलं तरी कूलरची हवा दमट, आणि दमट हवेत जोड पांढरा पडतो.

फट राहिलीच तर पारदर्शक इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) भरा. कालांतराने ते पिवळसर होतं, एवढं चालवून घ्या. छोट्या कामाला यूव्ही रेझिन (अतिनील प्रकाशात घट्ट होणारा चिकट द्रव) बरं, आपल्या उन्हात ते काही मिनिटांत कडक होतं.

आणि डब्याच्या बुडाशी त्रिकोणात 5 दिसला, तर ते पॉलिप्रॉपिलीन. त्याला यातलं काहीच नीट धरत नाही. सरळ स्क्रू मारा.