रंगनथिट्टूला कॅमेरा घेऊन जाताना: पक्षी टिपा, पण कावेरीसकट

उजनीच्या फुगवट्यावर रोहित टिपून हात बसलेला माणूस पहिल्यांदा रंगनथिट्टूला, म्हणजे म्हैसूरजवळच्या कावेरीतल्या पक्षी अभयारण्यात येतो, तेव्हा त्याची अडचण उलटीच होते. भिगवणला पक्षी लांब असतात, लेन्स कमी पडते. इथे होडी बेटांच्या अगदी कडेने जाते आणि तीन फूट उंचीचा चित्रबलाक चौकटीत मावत नाही. मग सगळे एकच करतात: डोकं, डोळा, चोच. संध्याकाळी कार्ड उघडावं तर नुसत्या चोचीच चोची, कावेरीतल्या की प्राणिसंग्रहालयातल्या हेही कळू नये अशा. पुढची सगळी खटपट नदी चौकटीत राहावी म्हणून आहे.

जागा आधी समजून घ्या. म्हैसूरचे कंठीरव नरसराज वाडियार यांच्या काळात, १६४५ ते १६४८ च्या दरम्यान, श्रीरंगपट्टणजवळ कावेरीवर बांध घातला गेला आणि पाण्यात ही बेटं तयार झाली. १९४० मध्ये सलीम अलींच्या सांगण्यावरून म्हैसूर संस्थानाने त्यांना संरक्षण दिलं. २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, नाव आलं. सगळा पसारा एक चौरस किलोमीटरही नाही, तरी बेटांवर अर्जुनाची झाडं, बांबू आणि केवडा यांची दाटी आहे. घरटी याच झाडांवर. खडकांवर मगरी पडलेल्या असतात, त्यामुळे होडीबाहेर हात सोडून बसायचं नाही.

१. महिना ठरवा

घरट्यांसाठी फेब्रुवारी ते मे हा काळ धरा. चित्रबलाक, चमचे, शराटी, पाणकावळे, रातबगळे आणि झोळीवाले, म्हणजे पेलिकन, एकाच झाडावर मजले वाटून घेतल्यासारखे बसलेले दिसतात. नदी सुरय, म्हणजे पाण्यात सूर मारून मासे पकडणारे टर्न पक्षी, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या खडकांवर अंडी घालतात. थंडीत पाहुणे पक्षी येतात आणि हवाही स्वच्छ असते. मात्र भिगवणचं गणित मनात धरून फक्त डिसेंबर-जानेवारीत जाल, तर घरट्यांवरची खरी धांदल हुकेल.

पावसाळ्यात कृष्णराजसागर धरणातून पाणी सोडलं की होड्या बंद होतात, कधीकधी बेटंही पाण्याखाली जातात. जुलै-ऑगस्टमध्ये निघायचं असेल तर आदल्या दिवशी धरणाच्या विसर्गाची बातमी बघूनच निघा.

आणखी एक गोष्ट उन्हाची. हे ठिकाण साधारण साडेबारा अक्षांशावर येतं. एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात दुपारचा सूर्य इथे थेट डोक्यावर असतो. सूर्य सरळ वर चढतो, त्यामुळे सकाळचं कोवळं ऊन लवकर संपतं. साडेदहानंतर पक्ष्यांच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. सकाळची पहिली फेरी हुकली तर दुपारी जेवून चक्क झोपा आणि चारनंतर पुन्हा या.

२. होडी आणि नावाडी

इथे वनखात्याच्या वल्ह्यांच्या होड्या आहेत, इंजिन नाही. सामायिक होडीत वीसेक मिनिटांत फेरी उरकते, शेजारच्या पोराचा हात लेन्ससमोर येतो आणि थांबा म्हणायची सोय नसते. चारपाच जण मिळून वेगळी होडी घेणं परवडतं. कॅमेऱ्याचं तिकीट वेगळं असतं. पहिली होडी किती वाजता सुटते ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

मला विचाराल तर चांगल्या नावाड्याची किंमत महागड्या लेन्सपेक्षा जास्त आहे. कोणतं घरटं उन्हात आहे, कोणत्या खडकावर सुरय मासा घेऊन उतरतो, हे त्याला रोजच्या सवयीने ठाऊक असतं. ‘अण्णा’ म्हणून हाक मारा. दोन कानडी शब्द पाठ असू द्या: ‘निल्लिसि’ म्हणजे थांबवा आणि ‘निधानवागि’ म्हणजे सावकाश. ‘जवळ घ्या’ हा शब्द मी मुद्दाम देत नाही. जवळ जायची गरजच पडत नाही.

त्याच्याकडून एवढंच मागा: सूर्य तुमच्या पाठीशी येईल अशी होडी वळव, मग वल्हं पाण्यातून उचल आणि होडी आपोआप वाहू दे. वल्ह्याचा प्रत्येक फटका फोटोत हलतो, वाहत्या होडीत तो धक्का नसतो. बसायला बेटांकडची बाजू धरा आणि शक्य तितकं खाली बसा. पाण्यालगतचा पक्षी नजरेच्या पातळीत आला की मागची झाडी आपोआप लांब आणि पुसट होते. होडीत ट्रायपॉड नको. लेन्स होडीच्या काठावरही टेकवू नका, लाकडाचा सगळा हादरा तिच्यात उतरतो. कोपरं बरगड्यांना चिकटवून हातातच धरा.

३. होडीत बसण्याआधी सेटिंग लावा

१००-४०० मिमीसारखी झूम लेन्स इथे सगळ्यात कामाची. ६०० मिमी लेन्स उडणाऱ्या सुरयांसाठी ठीक आहे. ७०-२०० वर तर इथे पूर्ण दिवस निघतो. दुसऱ्या बॉडीवर २४-७० असेल तर उत्तम, नसेल तर खिशातला फोन.

होडी हलते, म्हणून बसलेल्या पक्ष्यालाही १/१००० सेकंदापेक्षा कमी शटरवेग ठेवू नका. उडत्या करकोच्याला १/२०००, सुरयाला १/३२००. फोकस सलग चालणारा आणि पक्ष्याचा डोळा ओळखायची सोय असेल तर ती चालू. पण दाट फांद्यांत ही सोय पुढच्या काटकीवर अडकते. तिथे एकच बिंदू निवडून स्वतः डोळ्यावर ठेवा.

४. पांढरा रंग सांभाळा

इथले फोटो सगळ्यात जास्त बिघडतात ते याच जागी. पक्षी पांढरे आणि मागे अर्जुनाची काळपट सावली. कॅमेरा ती सावली मोजतो, चौकट उजळ करतो आणि बगळ्याची पिसं कागदासारखी कोरी होऊन बसतात. एकदा गेलेली पिसं संगणकावर परत येत नाहीत.

सोपा उपाय असा. होडी सुटल्यावर पहिल्या उन्हातल्या पांढऱ्या पक्ष्यावर मॅन्युअल सेटिंग पक्कं करा. सकाळी नऊच्या स्वच्छ उन्हात एफ/६.३, १/२००० आणि आयएसओ ४०० ते ५०० च्या आसपास सुरुवात होते. एक फोटो घ्या, हिस्टोग्रामची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाची, उजवी कड बघा. ती भिंतीला चिकटली असेल तर आयएसओ उतरवा. ऊन तेच आहे तोवर मागे झाडी येवो, पाणी येवो की आकाश, आकडे हलवायचे नाहीत. सावलीतल्या पाणकावळ्यासाठी मात्र वेगळी मोजणी लागते. काळ्या पक्ष्याला त्याच आकड्यांवर घेतलंत तर नुसता आकार मिळेल. फोटो ‘रॉ’मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच, घ्या. चित्रबलाकाच्या शेपटीजवळची गुलाबी पिसं जेपेगमध्ये फार लवकर फिकी पडतात.

५. एक झाड धरा आणि थांबा

पूर्ण फेरीत प्रत्येक पक्ष्याचा एकेक फोटो काढण्यापेक्षा एका झाडासमोर दहा मिनिटं काढा. त्या दहा मिनिटांत काय बघायचं ते सांगतो.

चित्रबलाक उडणार हे आधी कळतं. मान पुढे काढतो, अंग आडवं करतो, पाय किंचित दुमडतो, आणि बहुतेकदा त्याच क्षणी शीट टाकतो. शटर तेव्हा दाबलंत तरच पंख पूर्ण उघडलेले मिळतील. उडाल्यावर दाबाल तर पाठ मिळेल. घरटं बांधताना एक जण काटकी घेऊन येतो आणि दुसरा ती घेतो. उतरताना तो वाऱ्यासमोर तोंड करतो, म्हणजे वाऱ्याची दिशा कळली की तो कुठून येणार हेही कळतं. पूर्ण वाढलेले चित्रबलाक जवळजवळ मुके असतात, चोची आपटून कडकडाट करतात. तो आवाज आला की कॅमेरा तिकडे वळवा, जोडीदार परतलेला असतो. दुपारच्या उन्हात आई किंवा बाप पिल्लांवर पंख पसरून उभे राहतात. ही चौकट मात्र होडी लांब ठेवूनच घ्या. पक्षी बिचकून उठला तर ती सावली जाते आणि उघडी पिल्लं त्या उन्हात फार वेळ टिकत नाहीत.

चमचा उथळ पाण्यात चोच डावी-उजवीकडे हलवत चालतो. मधूनमधून डोकं वर काढतो, तेव्हा चोचीवरून पाणी निथळतं, फोटो तो. सुरय पाण्यावर एका जागी फडफडतो, मान खाली घालतो आणि सूर मारतो. सूर मारताना पकडायचा नाद सोडा, बाहेर येताना धरा. तिरंदाज, म्हणजे सापासारख्या मानेचा डार्टर, आपले पंख वाळवत बसला असेल तर घाई नको, तो हलत नाही.

पक्षी उडावेत म्हणून टाळ्या वाजवणं किंवा नावाड्याला वल्हं आपटायला सांगणं हे प्रकार अजूनही दिसतात. तसे मिळालेले फोटो ओळखूही येतात: सगळे पक्षी कॅमेऱ्याकडे पाठ करून पळताना. फ्लॅश घरट्यांपाशी नको आणि अभयारण्यात परवानगीशिवाय ड्रोन चालत नाही.

६. झूम मागे घ्या

आता मूळ मुद्दा. प्रत्येक चांगल्या पक्ष्यावर तीन-चार जवळचे फोटो झाले की झूम १०० वर आणा. पक्षी चौकटीचा सहावा-सातवा भाग उरू द्या. खडक, त्याच्या कडेची पाण्याची रेघ, केवड्याचं बेट, पलीकडचा काठ, सगळं येऊ द्या. एफ/८ किंवा एफ/११ ठेवा, म्हणजे मागचं झाड ओळखू येईल. पक्षी ज्या बाजूला बघतो तिकडे पाणी जास्त सोडा.

संथ पाण्यात प्रतिबिंब असेल तर ते पूर्ण घ्या, नाहीतर अजिबात नको. पाय घेतले आणि प्रतिबिंब कमरेत तोडलं, हे डोळ्याला टोचतं. पलीकडचा काठ तिरका झाला तर नदी सांडतेय असं वाटतं, म्हणून चौकटीतल्या जाळीच्या रेषा चालू ठेवा.

७. होडीतून उतरल्यावर

श्रीरंगपट्टण तीन-चार किलोमीटरवर आहे आणि ते स्वतःच कावेरीतलं बेट आहे. पहाटेसाठी संगम गाठा. बेटाला वळसा घालून आलेले दोन्ही प्रवाह तिथे मिळतात आणि नदी पूर्वेकडे जाते, त्यामुळे उगवतीचा रंग थेट पाण्यावर पडतो. तिथल्या गोल टोपलीहोड्या काठावर उपड्या ठेवलेल्या असतात. त्या अग्रभागी घेऊन १६-२४ मिमीवर चौकट लावा. इथे मात्र ट्रायपॉड हवा. १८०४ च्या वेलस्ली पुलाचे दगडी खांब संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघा, त्यांचा खरबरीतपणा तेव्हाच उठून दिसतो.

पोलरायझर फिल्टर पाण्यावरची चकाकी काढतो आणि तळाचे दगड दाखवतो, पण दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो. म्हणून तो देखाव्यासाठी वापरा, पक्ष्यांसाठी काढून ठेवा. तो पूर्ण फिरवला की प्रतिबिंबही जातं. अर्ध्यावर थांबवलेला बरा. वाहतं पाणी रेशमी करायचं तर अर्धा ते एक सेकंद पुरतो. तीस सेकंदांनी नदीचं धुकं होतं आणि ती कावेरी राहत नाही.

पावसाळ्यात होड्या बंद मिळाल्या तर परत फिरू नका. म्हैसूरहून ७५-८० किलोमीटरवर शिवनसमुद्रला गगनचुक्की आणि भरचुक्की हे दोन्ही धबधबे तेव्हाच भरात असतात. तिथे वाऱ्याने तुषार लेन्सवर येतात. दोन कोरडी सुती फडकी, सनशेड आणि एक शॉवर कॅप सोबत ठेवा. आधी फोकस लावा, मग लेन्स पुसा आणि लगेच शटर दाबा. धबधबा अख्खा घेण्यापेक्षा ७०-२०० ने एखादी धार आणि तिच्या बाजूचा काळा कातळ वेगळा काढा. फोटोसाठी रेलिंग ओलांडून शेवाळलेल्या खडकांवर उतरू नका, कावेरीत दरवर्षी माणसं बुडतात. पाहण्याच्या गॅलरीतून २०० मिमी पुरेसं आहे.